काडतुसाचें मोल

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सातारच्या एका वृद्ध स्नेह्यांचें पत्र आलें. गृहस्थ शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेले. मळ्यांतल्या एकाकी घराच्या रक्षणासाठीं त्यांच्याजवळ रीतसर परवान्याचें .३२ चें एक रिव्हॉल्वर आहे. पत्रांत त्यांनीं लिहिलें होतें: "काडतुसें इतकीं महाग कीं वर्षाकाठीं पांच-सहा बारही होत नाहींत. हत्यार असून नसल्यासारखें. तेव्हां केवळ सरावासाठीं .२२ चें, स्वस्त काडतुसाचें एखादें रिव्हॉल्वर घ्यावें असें मनांत आहे. नातही नेमबाजी शिकूं म्हणते. तुम्ही जुन्या गोष्टी धुंडाळीत असतां. कोणतें घ्यावें तें कळवा."

मला हत्यारांचें ज्ञान आहे तें दुकानदाराचें नव्हे, इतिहासाच्या वाचकाचें. म्हणून उत्तर लिहावयास बसलों तों तें लांबत गेलें. प्रश्न वरवर बाजाराचा दिसतो. परंतु 'स्वस्तांत सराव कसा व्हावा' हा प्रश्न सातारा-सांगलीच्या सामान्य मनुष्याला कित्येक पिढ्या उघडपणें विचारतांच येत नव्हता. तो आज एक आजोबा आपल्या नातीसाठीं विचारतात, ह्यांत बराच इतिहास सांठलेला आहे. तो वाचकांपुढें मांडावा, असें वाटलें.

प्रथम काडतुसाचें शास्त्र पाहूं. पितळेचें नळकांडें, त्यांत दारू, तोंडाशीं शिशाची गोळी, आणि दारूला ठिणगी देणारें चिमूटभर स्फोटक द्रव्य, एवढाच हा पसारा. हें शेवटचें द्रव्य कोठें ठेवावयाचें, यावरून काडतुसांच्या दोन जाती पडतात. मोठ्या काडतुसांत बुडाच्या मध्यभागीं एक निराळी टोपी बसविलेली असते व घोडा तिच्यावर आपटतो, तें सेंटरफायर. लहान काडतुसांत निराळी टोपी नसतेच. नळकांड्याचा बुडाकडील कांठ पोकळ ठेवून त्या पोकळींतच तें द्रव्य भरतात, आणि घोडा कांठावर आपटला कीं बार होतो, तें रिमफायर. आपटल्याबरोबर कांठ चेपला जावा म्हणून पितळ पातळ असावें लागतें. पातळ पितळ मोठ्या स्फोटाचा दाब सोसत नाहीं. म्हणून हें काडतूस लहानच राहतें. निराळी टोपी नाहीं, दारू थोडी, शिसें थोडें, म्हणून तें स्वस्त पडतें. त्याचा स्वस्तपणा हा असा त्याच्या दुबळेपणांतून जन्मला आहे, आणि सरावाला हा दुबळेपणाच उपकारक ठरला आहे.

पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर या कारागिरानें १८४५ च्या सुमारास अशा जातीचें अगदीं बाल्यावस्थेंतलें काडतूस काढलें. त्यांत दारू नव्हतीच. कांठांतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी जाई, आणि सधन लोक दिवाणखान्यांत बसून तिनें नेम मारण्याचा खेळ खेळत. पुढें अमेरिकेंतील स्मिथ आणि वेसन या जोडीनें त्यांत थोडी दारू घातली, आणि १८५७ मध्यें .२२ चें सात बारांचें एक चिमुकलें रिव्हॉल्वर बाजारांत आणलें. गोळी २९ ग्रेनची व दारू ४ ग्रेन. चक्राचे खाने आरपार कोरून मागच्या बाजूनें काडतूस भरण्याची जी युक्ति त्यांत होती, तिचें पेटंट रोलिन व्हाइट नांवाच्या मनुष्याचें होतें. तें १८६९ मध्यें संपलें, तेव्हां इतर कारखानदारांनाही तो मार्ग मोकळा झाला. १८८७ मध्यें ४० ग्रेन गोळीचें 'लाँग रायफल' काडतूस निघालें. ४० ग्रेन म्हणजे अडीच ग्रॅमहून किंचित् अधिक. आज जगभर नेमबाजीच्या सरावाला जें .२२ चें काडतूस वापरतात तें मुख्यत्वें हेंच.

१८५७ हा आंकडा आपल्याकडील वाचकाच्या नजरेंत भरल्यावांचून राहणार नाहीं. ज्या सालीं अमेरिकेंत हें स्वस्त काडतूस विकावयास आलें, त्याच सालीं हिंदुस्थानांत एका निराळ्या काडतुसावरून आग भडकली. सातारचें राज्य खालसा होऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. रंगो बापूजी गुप्ते विलायतेंत छत्रपतींची कैफियत मांडून निराश होऊन परतले होते. त्यांच्या कटाचा सुगावा लागला. ते स्वतः निसटले ते पुन्हा कोणास दिसले नाहींत. परंतु ८ सप्टेंबर १८५७ रोजीं सातारच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झालें. पांच फांशीं गेले, सहा तोफेच्या तोंडीं बांधले गेले, सहा जणांना गोळ्या घालण्यांत आल्या. फांशीं गेलेल्यांत रंगो बापूजींचा पुत्र सीताराम होता.

त्यानंतर हत्यारें काढून घेण्याचें सत्र सुरू झालें, आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें त्याला पक्कें रूप आलें. परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र नियमांनीं सूट होती. ही वर्णावरून दिलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर निघाली, परवाना मात्र राहिला. राष्ट्रसभेनें आपल्या अगदीं आरंभींच्या अधिवेशनांतूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते कांहीं सर्वांना बंदुका हव्या होत्या म्हणून नव्हेत. एका अख्ख्या समाजावर अविश्वासाचा शिक्का मारला गेला होता, ती बोंच त्यांत होती. सह्याद्रीच्या कुशींतल्या गांवांतून डुकरांपासून पीक राखण्यासाठीं एखाददुसऱ्या शेतकऱ्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळे. पण त्या बंदुकीची दारू जपून वापरावयाची. बार उडवावयाचा तो डुकरावर, कागदाच्या चांदावर नव्हे. हत्यार कोठें कोठें राहिलें, सराव मात्र पार बुडाला.

ह्याच काळांत खुद्द इंग्लंडांत काय चाललें होतें तें पाहण्यासारखें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील बोअर शेतकऱ्यांच्या अचूक नेमापुढें इंग्रजी पलटणींची त्रेधा उडाली, तेव्हां आपल्या लोकांना गोळी मारतां येत नाहीं याची त्या देशाला लाज वाटली. १९०१ मध्यें तेथें कामकरी लोकांच्या रायफल मंडळांची संस्था निघाली. मोठ्या बंदुकीला मैलभर मोकळें रान लागतें व काडतूस महाग पडतें. म्हणून गल्लीबोळांतल्या दिवाणखान्यांत व तळघरांत.२२ ची लहान रायफल घेऊन गिरणीकामगार, कारकून, शिंपी संध्याकाळीं नेम धरूं लागले. या चळवळीचे मोठे पुरस्कर्ते लॉर्ड रॉबर्ट्स होते. हेच रॉबर्ट्स १८८५ पासून १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापति होते. एकाच साम्राज्याच्या छत्राखालीं लंडनच्या कामगाराला स्वस्त काडतूस हातांत देऊन 'सराव कर' म्हणून सांगितलें जात होतें, आणि वाळव्याच्या कुळंब्याला तेंच काडतूस खिशांत सांपडलें तर तुरुंगाची वाट होती.

येथें कोणी म्हणेल कीं सातारच्या माणसाला बंदूक ठाऊक नव्हती असें कसें म्हणतां? आक्षेप खरा आहे. मराठा पलटणींत या जिल्ह्याची कितीएक घराणीं पिढ्यान् पिढ्या गेलीं. सातारा तालुक्यांतलें अपशिंगें हें गांव तर 'मिलिटरी अपशिंगें' याच नांवानें ओळखलें जातें. परंतु यांतच सारी विसंगति भरली आहे. छावणींत त्या शिपायाच्या नेमाची रोज परीक्षा होई, त्याचा हात सरकारी काडतुसांवर तयार होई. पेन्शन घेऊन तो गांवीं आला कीं तोच हात संशयास्पद ठरे. साम्राज्याला त्याचा हात हवा होता, पण तो साम्राज्याच्या कामापुरताच.

मग गांवानें आपलें समाधान ज्याला पैसा लागत नाहीं अशा व्यायामांत शोधलें. तालमी होत्या, लाठी होती, जोर-बैठका होत्या. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतल्या शाळांतून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्याला सतरंजीइतकी जागा पुरे होती. ह्या परंपरेनें शरीरें घडलीं. परंतु नेम ही शक्तीची विद्या नाहीं. ती डोळा, श्वास आणि बोट यांच्या मेळाची विद्या आहे, आणि हा मेळ शेंकडों वेळां बार उडविल्यावांचून जमत नाहीं.

याची कसोटी १९४२ मध्यें लागली. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवें, तासगांव, खानापूर, शिराळें हे भाग त्यांतच मोडत. ते निराळे काढून १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. त्या जुन्या जिल्ह्यांत ९ सप्टेंबर १९४२ ला वडूज येथें व दुसरे दिवशीं इस्लामपूर येथें निःशस्त्र मोर्च्यांवर गोळीबार झाला. वडूजला हातांत तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे पडले. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जें प्रतिसरकार उभें राहिलें, तें सर्वांना ठाऊक आहे. त्याचें बळ बंदुकींत नव्हतें. भाकरी देणाऱ्या घरांत, निरोप पोंचविणाऱ्या पोरींत आणि तोंड न उघडणाऱ्या गांवांत तें होतें. तरीही हत्यारांवांचून निभणार नव्हतें. कांहीं गोव्याकडून आणलीं, कांहीं पोलिसांकडून हिसकावलीं. औंध संस्थानांतल्या कुंडल गांवीं तुफान सेनेचें शिक्षण चाले, जी. डी. बापू लाड व कॅप्टन रामचंद्र लाड हे तिचे पुढारी. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ आगगाडी अडवून त्यांनीं सरकारी पैसा नेला.

२४ जुलै १९४३ रोजीं सांगलीच्या तुरुंगांतून वसंतदादा पाटील व त्यांचे साथीदार पहारेकऱ्यांच्या बंदुका हस्तगत करून बाहेर पडले. मागें पोलीस लागले, कृष्णेच्या कांठीं गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे व बाबासाहेब जाधव कामास आले, वसंतदादांच्या खांद्यांत गोळी शिरली व ते पुन्हा पकडले गेले. बंदुका दोन्हीं बाजूंना होत्या; सरकारी काडतुसांवर तयार झालेले हात मात्र एकाच बाजूला होते. ही उणीव त्या पुढाऱ्यांच्याही ध्यानांत आली होती. वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडी यांच्या गटांत शिक्षण देण्यासाठीं नानकसिंग यांच्यासारखे बाहेरचे जाणते आणले गेले. पुढें शिराळ्याकडील मणदूर येथें पोलिसांशीं झालेल्या चकमकींत किसन अहीर व नानकसिंग यांनीं देह ठेवला.

ह्या साऱ्या हकीकतींतून मला एकच गोष्ट निष्पन्न होतांना दिसते. हत्यार हिसकावून घेतां येतें. सराव हिसकावून घेतां येत नाहीं. हत्यार लपवितां येतें. बाराचा आवाज लपत नाहीं. एक काडतूस शत्रूसाठीं राखावें लागतें, पण सरावाला जीं उधळावीं लागतात तीं शेंकड्यांनीं लागतात. म्हणून नेमबाजी ही उघड्यावरची, कायद्याच्या उजेडांतली आणि स्वस्ताईची विद्या आहे. जेथें राज्य प्रजेवर विश्वास टाकतें आणि प्रजाही त्या विश्वासास पात्र राहते, तेथेंच ती वाढते.

स्वातंत्र्यानंतर हा विश्वास कसा उभा राहिला, त्याचा आरंभ एका मराठी घराण्यांतल्या गृहस्थानें करावा, ही मोठी अर्थपूर्ण गोष्ट आहे. गणेश वासुदेव मावळंकर यांचें मूळ घराणें रत्नागिरी जिल्ह्यांतलें, कर्मभूमि अहमदाबाद. गांधीजींचे अनुयायी, पेशानें वकील, पुढें लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ मध्यें भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच अहिंसावादी मावळंकर. यांत मला विसंगति वाटत नाहीं. ज्याला नेम धरतां येतो त्यालाच हात आवरतांही यावा लागतो. आणि ज्या देशांत शस्त्र हें केवळ पोलीस व दरोडेखोर यांच्याच हातीं असतें, तेथें नागरिकाला त्याची भीति तेवढी शिकावयास मिळते, शिस्त शिकावयास मिळत नाहीं. मावळंकरांच्या नांवानें अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही भरते. १९४८ मध्यें सुरू झालेल्या एन्. सी. सी. नें तर महाविद्यालयांतल्या लक्षावधि मुलामुलींच्या खांद्याला प्रथम जी रायफल लावली, ती .२२ चीच. १९६१ मध्यें देशांतली पहिली सैनिकी शाळा निघाली ती सातारला. १८७८ च्या कायद्याच्या जागीं १९५९ चा कायदा आला. परवाना त्यांतही आहे, आणि असावाच. परंतु तो आपण निवडून दिलेल्या सभेनें आपल्यावर घातलेला निर्बंध आहे.

या बीजाला फळें आलीं तीं सांगलीच्या शेजारीं, वारणेपलीकडे, कोल्हापुरांत. तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्यूनिक येथें ५० मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें. असा मान मिळविणारी ही पहिली भारतीय महिला नेमबाज. राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें. राधानगरी तालुक्यांतल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ मध्यें पॅरिसच्या ऑलिंपिकांत ५० मीटर रायफलीचें कांस्यपदक मिळविलें. हे तिघेही ज्या काडतुसानें जगापुढें उभे राहिले, तें तेंच १८८७ चें .२२ लाँग रायफल. फ्लोबेरनें ज्या शहरांत खेळणें म्हणून तें बीज पेरलें, त्याच शहराच्या नांवानें भरलेल्या ऑलिंपिकांत सह्याद्रीच्या पायथ्याचा एक मुलगा त्यानें पदक जिंकतो, हा योगायोग तरी सुखावणारा आहे. २०२० मध्यें सरकारनें मान्यताप्राप्त नेमबाजांसाठीं .२२ च्या काडतुसांची वार्षिक मर्यादा १,००० वरून ५,००० केली. कायदे करणारांनाही कळलें कीं सरावाचें मोजमाप काडतुसांच्या आंकड्यांत होतें.

आतां माझ्या स्नेह्यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतों. सरावाचें रिव्हॉल्वर निवडतांना चार गोष्टी पाहाव्या, असें मीं त्यांस लिहिलें.

पहिली गोष्ट वजनाची. ईशापूरच्या रायफल कारखान्यानें 'निडर' नांवाचें .२२ चें रिव्हॉल्वर काढलें आहे. वजन अवघें पाव किलोच्या आसपास. जवळ बाळगण्यास तें सोयीचें, परंतु हलकें हत्यार हातांत कांपतें आणि आखूड नळीवर माशी व खांच यांतलें अंतर थोडें म्हणून लहानशी चूकही चांदावर मोठी होते. सरावाला वजनदार, लांब नळीचें हत्यार बरें. तें चूक लपवीत नाहीं आणि वाढवीतही नाहीं.

दुसरी गोष्ट साम्याची. घरीं जें .३२ चें हत्यार आहे, त्याच्या मुठीशीं, तोलाशीं आणि चापाशीं मिळतें-जुळतें असेल तरच एकावरचा सराव दुसऱ्यास लागू पडेल. इंग्रजी वेब्ली कारखान्यानें आपल्या मोठ्या रिव्हॉल्वरच्या सांगाड्यावर .२२ चीं हत्यारें केलीं तीं याच हेतूनें. एक भेद मात्र ध्यानीं ठेवावा: कांठ चेपण्यास घोडा जोरानें आपटावा लागतो, म्हणून .२२ च्या रिव्हॉल्वरचा चाप बहुधा अधिक जड लागतो. तो तक्रारीचा विषय नाहीं. जड चाप न हलतां दाबतां आला कीं हलका आपोआप साधतो.

तिसरी गोष्ट निगेची. रिमफायर काडतूस कधीं कधीं पेटत नाहीं. अशा वेळीं नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबावें, लगेच चक्र उघडूं नये. शिशाचा मळ खान्यांत सांठतो, तो वेळच्या वेळीं काढावा. आणि रिकामें हत्यार चाप दाबून 'कोरडा' सराव करण्याची जी संवय असते, ती जुन्या रिमफायर हत्यारावर करूं नये. काडतूस नसलें कीं घोड्याची खीळ खान्याच्या कडेवरच आपटते व कड मोडते. काडतुसावांचून सराव करूं पाहणाऱ्यास या हत्यारानेंच जणूं मनाई केली आहे! विनोद सोडला तरी यांतला बोध खरा आहे.

चवथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्वस्त म्हणजे क्षुल्लक नव्हे. ही इवलीशी गोळी मैलाहूनही दूर जाऊं शकते आणि जवळून माणसाचा प्राण घेते. म्हणून सराव व्हावा तो मान्य मैदानावर, जाणत्याच्या देखरेखीखालीं. मळ्यांतल्या आंब्याच्या बुंध्यावर कदापि नव्हे.

नातीविषयीं मात्र मीं निराळें लिहिलें. तिनें प्रथम हवेच्या पिस्तुलानें दहा मीटरवर शिकावें. कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेंतल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाहीं, आणि त्याचा छर्रा .२२ च्या काडतुसाहूनही कितीतरी स्वस्त. दोन वर्षांनीं तिचा हात स्थिर झाला, तर तिला रिव्हॉल्वर नव्हे, .२२ चें स्पर्धेचें पिस्तूल लागेल. रिव्हॉल्वर आतां त्या मैदानावरून जवळजवळ अस्तास गेलें आहे. तोंवर आजोबांनीं हत्यार घेण्याची घाई न करतां पैसा काडतुसांसाठीं राखावा. हत्याराची किंमत एकदांच द्यावी लागते. हाताची किंमत प्रत्येक बाराला द्यावी लागते.

स्नेह्यांचें उत्तर दिवाळीच्या सुमारास आलें. रिव्हॉल्वर घेतलें नव्हतें. नातीला घेऊन ते कोल्हापुरास दुधाळीच्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊन आले होते. पोरीचे पहिले दहा छर्रे चांदाबाहेर गेले, अकरावा कडेला लागला, असें त्यांनीं सविस्तर लिहिलें होतें. कडेला छिद्र पडलेला तो कागद त्यांनीं पत्रासोबतच पाठविला. गेंडामाळ ज्या गांवांत आहे त्या गांवच्या मुलीनें, कोणाला मारण्यासाठीं नव्हे आणि कोणाला भिऊन नव्हे, केवळ आपला हात स्थिर करण्यासाठीं, भर दिवसा, सर्वांदेखत मारलेला तो नेम होता. तो चुकला होता. तरीही कागद मीं जपून ठेवला आहे.